सगळ्यांना ठाऊक असलेली चोरवाट

फार पूर्वी, गडांना किल्लेदार असत आणि किल्लेदारांना शपथा असत, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात एक उंच गड होता. गडाला समोरून भला थोरला दरवाजा होता, दरवाजावर नगारखाना होता आणि खाली देवडीत मिशांना पीळ देत बसलेले पहारेकरी होते. गडाला जे जे असावं ते सगळं होतं म्हणा ना.

शिवाय गडाला मागून एक चोरवाटही होती. राजाच्या पणजोबांनी ती कातळात खोदून घेतली होती. कधी शत्रूचा वेढा पडलाच, तर बायकामुलांना गुपचूप खाली उतरवता यावं, हा त्यांचा हेतू. देवीच्या देवळामागे करवंदीची दाट जाळी होती, त्या जाळीत वाटेचं तोंड होतं. तिथून अरुंद पायऱ्या कड्याच्या अंगानं उतरत आणि थेट पायथ्याच्या वाडीपाशी निघत. ही वाट राजा, प्रधान आणि किल्लेदार या तिघांखेरीज कोणालाही कळू नये, असा पणजोबांनी कायदा केला होता.

कायदा मोठा कडक. नवा किल्लेदार गडाच्या किल्ल्या हाती घेई तेव्हा त्याला देवीपुढे बेलभंडारा उचलावा लागे. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन तो म्हणे, "त्या वाटेबद्दल मी बोलणार नाही, दुसऱ्याला बोलू देणार नाही, आणि कोणी बोललंच तर ऐकणार नाही." शपथ मोडली, तर किल्ल्या परत करायच्या आणि बायकापोरांना घेऊन गड उतरायचा, तो कायमचा.

आपल्या गोष्टीतला किल्लेदार सरळ माणूस होता. त्याचा बापही याच गडाचा किल्लेदार होता आणि बापानं मरेपर्यंत शपथ पाळली होती. याचाही स्वभाव तसाच. दिला शब्द म्हणजे दिला, त्यात मागंपुढं नाही. गडावरचे लोक त्याला मान देत आणि थोडे हसतही. का हसत, ते आता सांगतो.

त्याचं असं झालं होतं, की कायदा माणसांसाठी होता, शेळ्यांना तो कोणी वाचून दाखवला नव्हता. फार वर्षांपूर्वी वाडीतली एक शेळी हरवली आणि देवळामागे करवंदं खाताना सापडली. शेळीच्या मागून धनगर वर आला. धनगराच्या मागून गवत कापणाऱ्या बाया आल्या. समोरच्या रस्त्यानं गड चढायचा तर अर्धा दिवस मोडे, आणि या वाटेनं चढलं तर चुलीवरचा भात करपायच्या आत घरी परत जाता येई. मग काय विचारता! न्हावी आला, कुंभार आला, नवस फेडणारे आले. एकदा तर एका नवरदेवाची वरातच सनई वाजवत त्या वाटेनं देवीच्या पाया पडायला आली. शेजारच्या राज्यातला कासार सणासुदीला बांगड्या भरायला गडावर येई, तोसुद्धा याच वाटेनं येई आणि जाताना चढ जरा जास्तच आहे म्हणून कुरकुर करी.

सगळ्या मुलखाला वाट ठाऊक होती. ती ठाऊक नसल्यासारखं वागणारे तिघेच उरले होते: राजा, प्रधान आणि किल्लेदार.

किल्लेदारानं कोणाला धरावं म्हटलं, तर तीही पंचाईत होती. धरलं की विचारावं लागणार, कुठून आलास? तो सांगणार, चोरवाटेनं. म्हणजे ते ऐकावं लागणार, आणि ऐकलं की शपथ मोडली. तेव्हा गडावर हळूहळू एक रीतच पडून गेली. देवळामागून जो कोणी येई तो आधी अंगावरचे काटेकुटे झटकी, मग किल्लेदारासमोर येऊन मोठ्यानं सांगे, "समोरच्या दरवाजानं आलो हो, किल्लेदार!"

"बरं झालं," किल्लेदार म्हणे. "दमला असशील, पाणी पी."

कोणाच्या तोंडून चुकून वाटेचं नाव निघालंच, तर किल्लेदार गर्रकन पाठ फिरवी, आभाळाकडे बघे आणि विचारी, "यंदा पाऊसपाणी कसं आहे?" भर चैत्रातही हेच विचारी. गडावरच्या पोरांनी याचा एक खेळच केला होता. एकानं किल्लेदार व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाठ फिरवायला लावायचं. किल्लेदाराची बायको हा खेळ बघून पदरात तोंड लपवून हसायची.

असं बरं चाललं होतं. मग एका पावसाळ्यात चोरवाटेची एक पायरी सुटली.

सुटली ती नेमकी नको त्या जागी. वरच्या टोकाला एका बाजूला ओला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती दरी, अशा ठिकाणची ती पायरी. तिच्याखालची माती पाण्यानं वाहून गेली. पाय ठेवला की ती डुलायची. लोक जपून जाऊ लागले, एकमेकांचा हात धरू लागले, पण जाणं काही थांबलं नाही. रोजचं पोट ज्याचं गडावर, तो दुसरं करणार काय?

गडावरचा पाथरवट किल्लेदाराकडे आला.

"किल्लेदार, कोठारामागं जुने चिरे पडलेत. त्यातले थोडे द्या, पाटीभर चुना द्या. दिवसभराचं काम हाय."

"कशाचं काम?" किल्लेदारानं विचारलं. गडावरचा दगडदेखील राजाचा असे, किल्लेदाराच्या हुकमाशिवाय तो हलवता येत नसे.

पाथरवटानं डोकं खाजवलं. "समजा, एक पायरी हाय."

"कुठं?"

"समजा, कुटंतरी हाय."

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

बिचाऱ्या पाथरवटाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याची नजर देवळाच्या मागं गेली. किल्लेदारानं ताबडतोब पाठ फिरवली आणि आभाळाकडं बघितलं. "यंदा पाऊसपाणी कसं आहे?"

"लई झालं, म्हणून तर सुटली," पाथरवट म्हणाला आणि निघून गेला.

घरीही सुटका नव्हती. जेवताना बायको म्हणाली, "अहो, ताकवाली काय सांगत होती..."

"ताक छान झालंय आज."

"ताकाचं नाही हो म्हणत मी. ती म्हणत होती, ती पायरी..."

किल्लेदार ताटासकट फिरला आणि भिंतीकडं तोंड करून जेवू लागला.

"जेवा भिंतीशीच," बायको म्हणाली. त्या दिवशी तिनं त्याला दुसरी भाकरी वाढली नाही.

ही ताकवाली म्हणजे वाडीतली एक म्हातारी. घरात ती आणि तिची म्हैस, तिसरं कोणी नाही. रोज सकाळी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ताकाचं मडकं, अशी ती गड चढायची. "समोरच्या दरवाजानं आले हो, बाबा!" हे सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी तीच. ओरडून झालं की किल्लेदाराकडं बघून मिश्कील हसायची, आणि किल्लेदारही ओठांतल्या ओठांत हसायचा. तेवढं हसणं शपथेत बसतं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पायरीचा विषय कानांनी टाळला तरी मनातून जाईना. एका दुपारी किल्लेदार देवीला प्रदक्षिणा घालायला गेला. देवळाच्या मागं आल्यावर पाय जरा रेंगाळले. जाळीतून त्यानं खाली डोकावलं आणि एक गवतवाली डोक्यावर भारा घेऊन त्या पायरीवर आलेली त्याला दिसली. पायरी डुलली. बाईनं डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि पुढचं पाऊल टाकलं. प्रदक्षिणा तशीच अर्धी टाकून तो घरी आला, आणि दुसऱ्याच दिवशी घोडं काढून राजधानीला प्रधानाकडं गेला.

प्रधान वयस्क, विचारी आणि फार सावध गृहस्थ होते. त्यांनी किल्लेदाराला बसायला पाट दिला, गुळपाणी दिलं.

"प्रधानजी, एक विचारायचं होतं. समजा, एखादी गोष्ट गुपित आहे."

"असेल."

"आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग ती गुपितच आहे."

"सगळ्यांना ठाऊक असूनही?"

"किल्लेदार," प्रधान शांतपणे म्हणाले, "दरबारानं गुपित म्हटलं की ते गुपित. दरबार उघड म्हणेल तेव्हाच ते उघड. लोकांना ठाऊक आहे, हा लोकांचा अपराध झाला. लोकांना ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक असणं, हा तुमचा."

किल्लेदार गोंधळला. "तिथं निदान एक पहारेकरी तरी बसवू का?"

"जिथं काहीच नाही तिथं पहारा कशाला? पहारा बसला की लोक विचारतील, इथं आहे तरी काय?"

"पण प्रधानजी, तिथली एक पा..."

प्रधानांनी पाठ फिरवली आणि खिडकीबाहेर बघितलं. "तुमच्याकडं यंदा पाऊसपाणी कसं आहे?" थोड्या वेळानं, तशाच पाठमोऱ्या अवस्थेत, ते हळू आवाजात पुढं म्हणाले, "मी काही निर्दय माणूस नाही, किल्लेदार. पण आज हे एक मान्य केलं, तर उद्या लोक विचारतील दारूगोळा किती, परवा विचारतील धान्य किती. गोधडीचा एक टाका उसवला की सगळी गोधडी उसवत जाते. तुम्ही परत जा आणि शपथ सांभाळा."

किल्लेदार परत निघाला. वरूनच हुकूम झाला म्हटल्यावर त्याला वाटेत थोडं हलकं वाटलं. आता आपल्या माथी काही नाही, असं तो घोड्यावर बसून स्वतःला समजावत राहिला. या हलकं वाटण्याची मधूनच त्याला लाजही वाटली, पण घर येईपर्यंत त्यानं ती गिळली.

त्यानंतर लवकरच एका सकाळी ताकवाली आली नाही.

किल्लेदार त्या दिवशी उजाडल्यापासून समोरच्या दरवाजातच बसलेला होता. दुपार कलली तरी "आले हो, बाबा" ऐकू येईना. मग एक पहारेकरी आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"ताकवाली पडली, किल्लेदार. पाय मोडलाय. खाली तिच्या घरी नेलंय."

"पडली? कुठं पडली?"

पहारेकरी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. "समोरच्या रस्त्यावर. पहिल्या वळणाशी."

समोरच्या रस्त्यानं त्या सकाळी कोणी आलं नव्हतं, हे किल्लेदाराइतकं कोणाला ठाऊक असणार? तो उठला, पागोटं सारखं केलं आणि समोरच्या रस्त्यानं, सगळा वळसा घालत, वाडीत गेला.

म्हातारी खाटेवर पडली होती. हाडवैद्यानं पायाला बांबूच्या कांबी बांधल्या होत्या. शेजारीण उशाशी बसून वारा घालत होती. किल्लेदाराला बघून ती उठून बाहेर गेली.

"आजी, कशा पडलात?"

"समोरच्या रस्त्याला, बाबा. पयल्या वळणावर. पाय घसरला."

"मी सकाळपासून दरवाजातच बसलो होतो, आजी."

"मग तुमाला डुलकी लागली आसंल."

किल्लेदार खाटेपाशी जमिनीवर बसला. "माझ्यापायी खोटं का बोलता?"

"तुमची शपथ हाय न्हवं?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. लहान मुलाला समजावावं तसं ती सांगत होती. "तुमच्या बापानं पाळली, तुमी पाळताय. म्या खरं सांगितलं की तुमाला ऐकावं लागंल. ऐकलं की किल्ल्या जातील. मग तुमच्या बायकूनं पोरं घिऊन जायाचं कुटं? म्हणून समदी वाडी म्हणती, म्हातारी समोरच्या रस्त्याला पडली. तुमची शपथ आमी समद्यांनी मिळून पाळली, बाबा. पाय तेवढा माजा मोडला."

तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. किल्लेदाराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते बघून म्हातारीलाच संकोच वाटला. तिनं मान वळवली, छपराकडं बघितलं आणि म्हणाली, "यंदा पाऊसपाणी बरं हाय."

किल्लेदारानं डोळे पुसले, तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि तो बाहेर अंगणात आला. वाडीतली माणसं गोळा झाली होती.

"गडावर जायची जवळची वाट कुठून आहे?" त्यानं विचारलं.

माणसं एकमेकांकडं बघू लागली. अखेर धनगर इमानानं म्हणाला, "समोरूनच हाय की, किल्लेदार."

"समोरची नाही. चोरवाट कुठून आहे ते विचारतोय मी."

मग धनगरानं खांद्यावरची घोंगडी सावरली आणि काही न बोलता तो पुढं चालू लागला. किल्लेदार त्याच्यामागून निघाला. ज्या वाटेसाठी त्यानं आणि त्याच्या बापानं जन्मभर पाठ फिरवली, तिच्यावर त्यानं पहिल्यांदाच पाऊल टाकलं. वरच्या टोकाला त्या पायरीपाशी मडक्याच्या खापऱ्या पडल्या होत्या आणि कातळावर ताकाचा पांढरा ओघळ वाळला होता. किल्लेदारानं पायरीवर हात ठेवून बघितलं. नुसत्या हातानं ती हलत होती.

करवंदीच्या जाळीतून तो बाहेर आला, तेव्हा त्याची बायको देवळात दिवा लावत होती. त्याच्या पागोट्याला अडकलेल्या काटक्या बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"चोरवाटेनं आलो," किल्लेदार म्हणाला.

बायकोला सगळं समजलं. "किल्ल्या जातील," ती म्हणाली.

"जातील. पायरी मी बसवणार आहे. त्याआधी तुला सांगायचं होतं."

तिनं दिव्याची वात सारखी केली. "बसवा. मी भांडी बांधायला घेते."

दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडल्यावर, सगळ्यांच्या देखत, किल्लेदारानं हुकूम दिला. कोठारामागचे चिरे निघाले, चुना मळला गेला. पाथरवटानं पायरी पक्की बसवली आणि दरीच्या बाजूला हाताला धरायला साखळी ठोकली. ज्याला बघावं तो काही ना काही उचलून नेत होता. संध्याकाळी किल्लेदारानं वाटेच्या तोंडाशी पहारेकरी उभा केला. मग तो घरी जाऊन सामानाच्या गाठोड्यांमध्ये वाट बघत बसला.

फार वाट बघावी लागली नाही. राजधानीहून बोलावणं आलं.

दरबार भरला. राजा तरुण होता. वडील गेल्यावर नुकताच गादीवर बसला होता. प्रधानांनी मुजरा करून फिर्याद मांडली.

"महाराज, या किल्लेदारानं राज्याचं गुपित फोडलं आहे."

"कोणतं गुपित?"

"ते भर दरबारात सांगता येत नाही, महाराज. गुपित आहे."

"बरं. कोणापुढं फोडलं?"

"सगळ्यांपुढं."

"म्हणजे आता ते सगळ्यांना कळलं?"

"त्यांना ते आधीपासूनच..." प्रधानांनी जीभ चावली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"यानं नेमकं केलं तरी काय?" राजानं विचारलं.

"यानं एक पायरी बसवली, महाराज."

"कुठं?"

प्रधान मोठ्या अडचणीत सापडले. "जिथं काही नाही तिथं," ते शेवटी म्हणाले. आता मात्र सगळा दरबार हसला. राजा हसला नाही. तो किल्लेदाराकडं बघत होता.

"किल्लेदार, तू सांगशील?"

भर दरबारात ते सांगणं म्हणजे उरलासुरला अपराधही पुरा करणं, हे किल्लेदाराला कळत होतं. घरी बांधलेली गाठोडी त्याच्या डोळ्यांपुढं आली.

"महाराज, गडाला मागून चोरवाट आहे," तो म्हणाला. सवयीनं प्रधानांनी पाठ फिरवली. राजानं फिरवली नाही. "ती सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. तिची एक पायरी सुटली होती. लोकांनी मला परोपरीनं सांगितलं, मी ऐकलं नाही. ऐकायचं नाही अशी शपथ होती. मग एक म्हातारी त्या पायरीवरून पडली आणि माझी शपथ राहावी म्हणून ती आजही सांगते, की मी दुसरीकडं पडले. महाराज, गुपित झाकण्यासाठी माझ्या लोकांना खोटं बोलावं लागतंय, हे मला सहन झालं नाही."

दरबारात आता कोणी हसत नव्हतं.

"आणखी एक," किल्लेदार म्हणाला. "शेजारच्या राज्यातला कासार त्याच वाटेनं येतो. म्हणजे त्याच्या राजालाही ती ठाऊक असणार. गडावर यावं असं ज्याच्या मनात येईल त्याला ती वाट मोकळी होती. समोरच्या दरवाजावर आपण दिवसरात्र पहारा ठेवला. मागं एक माणूसही ठेवला नाही, कारण माणूस ठेवला तर वाट आहे हे कबूल करावं लागलं असतं."

राजाचा चेहरा उतरला. आपल्या गडाचं मागचं दार इतकी वर्षं सताड उघडं होतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"प्रधानजी," मग तो म्हणाला, "आपला दारूगोळा किती, हे कोणाला ठाऊक आहे?"

"आपण तिघं सोडून कोणालाही नाही, महाराज."

"ते तसंच राहू द्या. खरोखर झाकलेलं आहे ते जिवापाड जपा. पण जे बाजारात बोललं जातं, त्याच्यावर आपण पांघरूण घातलं आणि डोळे झाकले गेले ते आपलेच."

प्रधान आता राजाकडं तोंड करून उभे होते. "मला भीती वाटली, महाराज. एक मान्य केलं तर काहीच राहणार नाही, अशी."

"तुमची भीती खोटी नव्हती, प्रधानजी. उपाय चुकला. आणि तो चुकतोय हे बघायचं काम माझंही होतं." राजा किल्लेदाराकडं वळला. "वाट सांगितल्याबद्दल तुला शिक्षा नाही. त्या शपथेत झाकायला काही उरलंच नव्हतं. किल्ल्या तुझ्याकडंच राहतील. पण एक विचारतो, खरं सांग. पायरी हलते, हे म्हातारी पडायच्या आधी तुला ठाऊक होतं?"

"होतं, महाराज. मी डोळ्यांनी बघितलं होतं."

"मग त्याची शिक्षा आहे. म्हातारीचा पाय बरा होईपर्यंत रोज सकाळी तिचं ताक तू डोक्यावर घेऊन गड चढायचा. त्याच वाटेनं, सगळ्यांच्या देखत."

किल्लेदारानं वाकून मुजरा केला. शिक्षा ऐकून इतकं बरं वाटलेला माणूस त्या दरबारानं आधी कधी बघितला नव्हता.

चार दिशांना दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! गडाला मागून एक वाट आहे हो!" वाडीतले लोक दारात येऊन हसले. "आणि समोरून दरवाजा हाय, त्ये बी सांगून टाक की!" धनगर ओरडला.

किल्लेदार रोज सकाळी ताक वाहू लागला. पहिल्या दिवशी त्याला चुंबळ नीट बसवता येईना. ताक हिंदकळून मिशांवरून ओघळलं, आणि गडावरची माणसं पोट धरधरून हसली. पुढं त्याला ते जमलं आणि लोकांनाही त्याची सवय झाली.

म्हातारीचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी टेकत ती गोठ्यापर्यंत जाऊ लागली. गड मात्र तिला पुन्हा चढता आला नाही. त्यामुळे शिक्षाही संपली नाही. काही वर्षांनी राजानं निरोप पाठवला, की आता पुरे, दुसरा माणूस लावा. किल्लेदारानं उलट निरोप दिला, "महाराजांना सांगा, पाय अजून बरा झालेला नाही."

त्याचे केस पांढरे झाले तरी रोज सकाळी तो वाडीत उतरायचा. म्हातारी उंबऱ्यात बसून मडकं भरून द्यायची आणि विचारायची, "पायरी हलती का रं?"

"नाही, आजी," तो सांगायचा. आणि हे सांगण्याआधी, उतरताना, त्यानं त्या पायरीवर रोज पायानं जोर देऊन बघितलेलं असायचं.

तात्पर्य: जे सगळ्यांना ठाऊक आहे, ते झाकून ठेवल्यानं गुपित राहत नाही, ज्यांनी सांभाळायचं त्यांचे हात मात्र बांधले जातात, आणि पाय भलत्याचाच मोडतो.